गेम सुधारला, पण कुणाच्या मशीनवर?

(करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून मागे बसलेल्या ज्येष्ठांपैकी काहींना वाटलं असेल, की धानाच्या पट्ट्यातल्या गावात कम्प्युटर गेमच्या समीक्षेवर काय बोलणार हा माणूस. पुढे बसलेल्या पोरांना तसं वाटलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. तर ज्येष्ठांसाठी आधी दोन वाक्यं. समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक, नाटक, फार तर सिनेमा आठवतो. पण गेम खेळून झाल्यावर त्यावर आपलं मत लिहिणारे लोक आज लाखांनी आहेत. कुणी दोन ओळी लिहितं, कुणी दोन हजार शब्द. ते स्वतःला समीक्षक म्हणत नाहीत, पण काम तेच करतात. आणि त्यांचं वाचून दुसरा कुणी तीन हजार रुपये खर्च करायचे की नाही ते ठरवतो. म्हणून ते मत कसं वाचायचं, हा आजचा विषय.

उदाहरण एकच घेतो, 'सायबरपंक २०७७'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने केलेला गेम. माइक पॉन्डस्मिथ यांनी १९८८ मध्ये कागद-पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा एक खेळ काढला होता, त्याच्या जगावर हा बेतलेला आहे. नाइट सिटी नावाचं भविष्यातलं शहर, सगळी सत्ता कंपन्यांच्या हातात, माणसं शरीरात यंत्रं बसवून घेतात. तुम्ही 'व्ही' नावाचं पात्र. शहर मोकळं आहे, कुठेही जा, कुणाचंही काम घ्या, मारामारी करा नाहीतर गुपचूप घुसा. पात्र तुम्ही घडवायचं, निर्णय तुमचे. ओपन वर्ल्ड आणि रोल-प्लेइंग म्हणतात ते हेच.

घोषणा २०१२ ची. तारखा तीनदा पुढे ढकलून गेम आला १० डिसेंबर २०२० ला. त्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे ७ डिसेंबरला, समीक्षकांची परीक्षणं आली होती. गुण भरभरून, शंभरात नव्वदच्या आसपास. आता इथे थोडं थांबायला हवं. या समीक्षकांना गेम दिला होता तो फक्त पीसीवरचा. स्वतः खेळताना रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायची परवानगी त्यांना नव्हती, स्टुडिओने पुरवलेलीच दाखवायची. मग १० तारखेला ज्यांनी पीएस-४ वर, जुन्या एक्सबॉक्सवर गेम लावला, त्यांच्यासमोर वेगळंच काहीतरी उभं राहिलं. चित्र अडखळतंय, माणसं चेहऱ्याशिवाय उभी, गाड्या जमिनीत रुतलेल्या, मधेच सगळं बंद. मेटाक्रिटिकवर त्याच गेमचा पीएस-४ चा सरासरी गुणांक ५७ आहे. १४ डिसेंबरला स्टुडिओने माफी मागितली, जुन्या कन्सोलवरचा गेम आम्ही आधी दाखवायला हवा होता असं म्हटलं. १८ डिसेंबरला सोनीने आपल्या दुकानातून तो काढूनच टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत आला २१ जून २०२१ ला.

आता भारताकडे या. पीएस-५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये निघाला. भारतात तो विक्रीला आला २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये. म्हणजे सायबरपंक आला त्या दिवशी आपल्या देशात प्लेस्टेशन म्हणजे पीएस-४. नवा एक्सबॉक्स नोव्हेंबरात आला होता, खरं आहे, पण तो किती जणांच्या घरात होता? आणि हे काही फक्त भारताचं दुखणं नव्हतं. डिसेंबर २०२० अखेर जगभरात पीएस-५ गेले होते साधारण ४५ लाख, आणि पीएस-४ विकले गेले होते ११ कोटींच्या वर. मग सांगा, 'सर्वसाधारण खेळाडू' कोण होता?

पीसीवाल्यांचंही ऐका. गेम ७० जीबीचा. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असेल आणि बाकी काहीही केलं नाही, तर उतरवायलाच ४७ दिवस. (हशा) हसू नका, हे गणित इथल्या पोरांनी करून झालेलं असेल. स्टीमवर पैसे परत मिळतात, पण घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. मोबाइल डेटावर उतरवणाऱ्याचे १४ दिवस गेम सुरू व्हायच्या आधीच संपले.

हे सगळं २०२० चं. पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे आणि ती मोठ्या आनंदाने सांगितली जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये १.५ चा मोठा अपडेट आला. सप्टेंबर २०२२ मध्ये 'एजरनर्स' ही अ‍ॅनिमेशन मालिका आली आणि लोक झुंडीने गेमकडे परतले. २१ सप्टेंबर २०२३ ला २.० आला. त्यात कौशल्यांची सगळी मांडणी नव्याने केली, आणि पूर्वी पाठीमागे हवेतून उगवणारे पोलीस आता गाडीने पाठलाग करायला लागले. पाच दिवसांनी 'फँटम लिबर्टी' हा नवा भाग आला. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सतत चालू राहणाऱ्या गेमसाठीचा पुरस्कार याला. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ३ कोटी प्रती. खेळाडूंच्या मतांमध्ये एक वाक्य मग सारखं येऊ लागलं: गेम सुधारला, स्टुडिओने शब्द पाळला, जुनं विसरा.

माझा आक्षेप या वाक्यावर आहे. सुधारला, पण कुणाच्या मशीनवर?

२.० हा अपडेट पीएस-४ आणि जुन्या एक्सबॉक्सवर आलाच नाही. तिथे मोठे बदल १.६ पाशी थांबले. फँटम लिबर्टी तर तिथे नाहीच. म्हणजे ज्या मशीनवर गेम सगळ्यात वाईट चालत होता आणि ज्यांच्या तक्रारीमुळे माफी मागावी लागली, त्यांच्या हातात तो सुधारलेला गेम कधी पोचलाच नाही. पीसीवर तरी काय? २०२० मध्ये किमान गरज ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क अशी होती. २०२३ मध्ये ती १२ जीबी आणि एसएसडी झाली. ज्याने पहिल्या आकड्यांवर विश्वास ठेवून पैसे भरले, त्याच्या पीसीला तीन वर्षांनी सांगितलं, की आता तू पात्र नाहीस.

झाडीपट्टीचं नाटक तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. दिवाळी झाली, मंडई भरली, की वडशाच्या कंपन्या निघतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. पुढच्या खुर्चीचं तिकीट वेगळं, मागे खाली बसायचं वेगळं. सकाळी चहाच्या टपरीवर एक म्हणतो, काय काम केलं राजा! दुसरा म्हणतो, आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही. दोघंही खरं बोलतात, कारण टपरीवर सगळ्यांना माहीत असतं कोण कुठे बसला होता. आता समजा पुढच्या हंगामात कंपनीने तेच नाटक झकास साउंड लावून आणलं, पण मागच्या जागा काढून टाकल्या. पुढे बसलेले सगळे म्हणणार, नाटक सुधारलं. खोटं नाही बोलत ते. पण ज्याला ऐकू आलं नव्हतं तो मंडपात उरलाच नाही, म्हणून त्याचं मतही मोजलं जात नाही.

गेमच्या मतांचं असंच झालं. 'अलीकडची मतं' म्हणून जी टक्केवारी दिसते, ती आज ज्यांच्याकडे हा गेम चालवणारं मशीन आहे त्यांची. ती वाढली यात नवल नाही. तिला जनमत म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा.

स्टुडिओची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पीएस-४ हे २०१३ चं मशीन, त्यात साधी फिरती हार्ड डिस्क, आणि या शहरातली गर्दी त्याला झेपणं अवघडच होतं. पैसे परत दिले, १.६ पर्यंत तिथेही खेळ बराच सावरला. 'नो मॅन्स स्काय' बघा, २०१६ मध्ये अशाच शिव्या खाल्लेला, अवकाशात भटकायचा गेम. त्याला जुन्या पीएस-४ वरही वर्षानुवर्षं फुकट अपडेट मिळत राहिले. दोन्ही गेमची जात वेगळी आहे, तुलना पुरती जुळत नाही हे मान्य. तरी एवढं कळतं, की जुन्यांना सोडून पुढे जाणं हा निर्णय असतो. ते कुणाच्या नशिबात लिहिलेलं नसतं. आणि हो, अमेरिकेत खटला झाला, त्यात १८ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली, ती गुंतवणूकदारांशी. खेळाडू त्यात कुठेच नव्हते.

आता दुसरी गोष्ट, आणि समीक्षेच्या दृष्टीने मला ही जास्त महत्त्वाची वाटते.

२०२० च्या मतांमध्ये दोन वेगळ्या तक्रारी एकत्र मिसळल्या होत्या. एक, गेम चालत नाही. दुसरी, गेम जसा रचलाय तसा पटत नाही. पहिली पॅचने मिटते, दुसरी नाही. उदाहरणं देतो. सुरुवातीला तुम्ही व्हीचा पूर्वेतिहास निवडता: वाळवंटातल्या टोळीतला, गल्लीतला, की कंपनीतला. अनेकांनी लिहिलं, की सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास सोडला तर या निवडीने फारसं काही बदलत नाही, अधूनमधून एखादा संवाद वेगळा येतो तेवढंच. हे २.० नंतरही तसंच आहे. दुसरं, कथा सांगते की व्हीच्या डोक्यात एक चिप बसली आहे, तिच्यात जॉनी सिल्व्हरहँड नावाचा मेलेला गायक, आणि त्यामुळे व्हीकडे फार दिवस उरलेले नाहीत. आणि गेम म्हणतो, जा, शहरभर फिर, लोकांच्या चोरीला गेलेल्या गाड्या शोध. मरणाची घाई आणि भटकायची मोकळीक एकाच पात्राच्या गळ्यात! ज्यांनी ही विसंगती पकडली, त्यांनी ओपन वर्ल्ड या सगळ्या प्रकाराच्या मुळावर बोट ठेवलं होतं.

तिसरं मला सगळ्यात जास्त टोचतं. व्ही आणि जॅकी यांची दोस्ती. पुढे जॅकी मरतो आणि सगळ्या कथेचं दुःख त्या मरणावर उभं आहे. पण त्यांनी एकत्र काढलेले सहा महिने आपण खेळत नाही. ते एका छोट्या चित्रफितीत भराभर उरकतात, जाहिरात बघावी तसे. ज्याच्यासोबत आपण काम केलं नाही, भांडलो नाही, त्याच्यासाठी आपण रडायचं? पहिल्याच आठवड्यात खेळाडूंनी हे नेमकं लिहिलं होतं. त्यांनी बगच्या यादीत ते सातव्या-आठव्या क्रमांकावर लिहिलं, आणि बग गेले तशी ती सगळी यादीच रद्दीत गेली. उलट पॅनम, ज्युडी यांच्या कथांचं कौतुक तेव्हाही झालं, आजही होतं, कारण तिथे दोस्ती खेळता येते. म्हणजे लोकांना लिखाणातलं बरं-वाईट तेव्हाही कळत होतं.

भाषेचंही सांगून टाकतो. या गेममध्ये कुणी परक्या भाषेत बोललं, तर व्हीच्या डोक्यातलं यंत्र अनुवाद करतं आणि पडद्यावर मूळ अक्षरं बदलत बदलत कळणारी होतात. फार सुंदर कल्पना आहे. आणि गेमच्या स्वतःच्या भाषांच्या यादीत हिंदीही नाही, मराठी तर दूरच. स्टीमवर मत लिहिताना भाषा निवडायची असते, त्या यादीतही मराठी नाही. ऑगस्ट २०२५ पासून तिथे भाषेनुसार वेगळे गुण दाखवायला लागलेत, म्हणजे जपानी खेळाडूंना काय वाटलं, चिनी खेळाडूंना काय वाटलं. मराठी पोरगा इंग्रजीत दोन ओळी लिहितो आणि इंग्रजीच्या ढिगात जातो. इंग्रजी कच्चं असेल, तर 'गुड गेम, लॅग' एवढंच लिहून थांबतो. जॅकीबद्दल त्याला जे वाटलं ते मित्राला मराठीत सांगताना तो अर्धा तास बोलेल. मराठीत ही समीक्षा लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून मी गावोगाव हे बोलत फिरतो.

लिहाल तेव्हा वरच्या ओळीत चार गोष्टी टाका. कोणतं मशीन, कोणता महिना आणि कितवा अपडेट, किती तास खेळलात, आणि कथा कळली का, की संवाद पुढे ढकलत गेलात. शेवटची खरी सांगा. (हशा)

एक चिठ्ठी आली आहे: "सर, माझ्याकडे जुना पीसी आहे, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतोय. घेऊ का?"

नको घेऊ, बाळा. ज्या गेमचं कौतुक तू वाचलंस, तो तुझ्या पीसीवर धड चालायचा नाही. आधी एसएसडी घे आणि रॅम वाढव. ग्राफिक्स कार्ड निदान जीटीएक्स १०६०, सहा जीबीचं आहे का ते बघ. नसेल तर तेवढे पैसे राहू दे, सेल परत येतो. आणि उतरवायचा झालाच, तर ज्याच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे अशा मित्राकडे पीसी घेऊन जा.

पुढचा प्रश्न?