'अम्ल फॉस्फटेज' : एका सामासिक संज्ञेची चिकित्सा

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा बहुधा 'संस्कृत की इंग्रजी' ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. संज्ञा वाचणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ उभा करते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. आरोग्यशास्त्रात ह्या दुर्लक्षाची किंमत अधिक असते. 'अम्ल फॉस्फटेज' ही संज्ञा त्याचे बोलके उदाहरण होय.

प्रथम 'एंझाइम' ह्या जातिवाचक नामाविषयी. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यूने ह्याने १८७७ च्या सुमारास ग्रीकवरून घडविलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'आंबवणातील' असा आहे. वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी ही कल्पना मुळीच परकी नाही. वऱ्हाडी बोलीत आरंभीच्या 'वि'चा 'इ' आणि 'ण'चा 'न' होत असल्याने विरजणाचे तेथे 'इरजन' होते, आणि चमचाभर इरजन पातेलेभर दूध पालटते, हे तेथील प्रत्येक घराला ठाऊक असते. (विरजणातील कार्य जिवाणूंचे असते, परंतु त्या जिवाणूंची हत्यारे एंझाइमेच होत.) 'वितंचक' हा जुना पर्याय संस्कृत 'आतंचन' म्हणजे विरजण ह्या शब्दाशी नाते सांगतो, तो रूढ झाला नाही, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल. पाठ्यपुस्तकांतील 'विकर' व्युत्पत्तीने निर्दोष असला तरी 'विकार' ह्या शब्दाहून केवळ एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाने वेगळा आहे. आरोग्यविषयक मजकुरात 'विकर वाढले' हे वाक्य काय अर्थ देईल, ह्याचा विचार झालेला दिसत नाही. मराठी विश्वकोशाने 'एंझाइम' हाच शब्द ठेवला, ते अधिक सुरक्षित होय.

खरा दोष मात्र पुढील समासात आहे. 'अम्ल फॉस्फटेज' हा कर्मधारय मानला तर ते एंझाइम स्वतः अम्ल ठरते. षष्ठी तत्पुरुष मानला तर ते अम्लाचे ठरते. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. हे एंझाइम एक प्रथिन असून ते निरनिराळ्या संयुगांतून फॉस्फेटचा गट सुटा करते, आणि हे कार्य सुमारे ५ पीएच असलेल्या आम्लधर्मी माध्यमात उत्तम चालते. म्हणजे हा समास मध्यमपदलोपी आहे आणि जे पद लोपले, त्यातच अर्थ आहे. 'पुरणपोळी' ह्या शब्दातील लुप्त पद वाचक स्वतः भरून काढतो, कारण पोळी त्याने खाल्लेली असते. फॉस्फटेज कोणी पाहिलेले नसते. 'ॲसिडिटी' हा शब्द घरोघरी रुळलेला असल्याने 'ॲसिड फॉस्फटेज वाढले' हे ऐकणारा मनुष्य सरळ पोटावर हात ठेवील, ह्यात त्याचा अपराध कोणता?

लोपलेल्या 'माध्यमा'चा प्रत्यक्ष पत्ता शोधण्यात एक मोठा शोध लागला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. बेल्जियममधील लूव्हाँ येथे क्रिस्तियाँ द द्यूव्ह ह्याच्या प्रयोगशाळेत १९४९ साली उंदराच्या यकृतातील ह्या एंझाइमाचे मापन अपेक्षेहून फारच कमी भरले. तोच नमुना काही दिवस शीतपेटीत राहिल्यावर मात्र आकडा चढला. एंझाइम पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बंद होते आणि पटल फाटताच ते प्रकट झाले, असा त्याचा उलगडा झाला. १९५५ मध्ये ह्या पिशव्यांना 'लायसोसोम' हे नाव मिळाले. त्यांचा अंतर्भाग आम्लधर्मी असतो. ह्या एंझाइमाचे अम्लत्व त्याच्या निवासाचे आहे, स्वभावाचे नव्हे.

हा भेद केवळ वैयाकरणाचा नाही. रक्ताचा पीएच सुमारे ७.४ असतो. रक्तद्रव उघडा राहिला की त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निसटून तो अधिक अल्कधर्मी होतो, आणि उष्णतेत हे एंझाइम झपाट्याने निष्प्रभ होते. म्हणून रक्तद्रव लगोलग वेगळा करून त्यात थोडे अम्ल मिसळावे व तो थंड ठेवावा लागतो. वैशाखातील उन्हात इंझोरीहून शहराकडे निघालेला नमुना ह्या दक्षतेविना पोचला, तर अहवालातील आकडा खोटा समाधानकारक असेल. तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर तो खोटा भयकारकही ठरेल, कारण त्या पेशींतही एक अम्ल फॉस्फटेज असते.

येथे संज्ञेचा दुसरा दोष उघड होतो : तिचे एकवचन. १९३८ मध्ये अलेक्झांडर व एथेल गटमन ह्यांनी अष्ठीला अर्थात प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात हे एंझाइम वाढलेले दाखविले. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स ह्याने त्याच मापाने सिद्ध केले की, पुरुषसंप्रेरक रोखल्यास हा रोग मागे हटतो. १९६६ चे नोबेल पारितोषिक त्याला ह्याच मार्गावर मिळाले. परंतु नाव एक आणि नावाखाली नांदणारी एंझाइमे अनेक, ह्यामुळे त्या कसोटीचा निर्णय संदिग्ध होऊ लागला. गोशे ह्यांच्या रोगात, हाडांची झीज वाढल्यावर, 'केसाळ पेशीं'च्या रक्तकर्करोगात, अशा ठिकाणीही 'अम्ल फॉस्फटेज' आढळते. प्रोस्टेटमधील एंझाइम टार्टारेटने, म्हणजे चिंचेतील अम्लाच्या लवणाने, दबते. हाडे झिजविणाऱ्या पेशींतील दबत नाही. प्रोस्टेटच्या रोगासाठी १९८० नंतरच्या दशकात पीएसए ही चाचणी पुढे आली आणि जुनी मागे पडली. टार्टारेटला न जुमानणारे भावंड मात्र अस्थिक्षयाचे माप म्हणून आजही उपयोगात आहे.

'अम्लमाध्यमी फॉस्फटेजे' हा अनेकवचनी पर्याय उच्चारास किंचित जड आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि त्यात लोपलेले पद परत येते, आणि वाचक निदान 'त्यांपैकी कोणते?' असा प्रश्न विचारू शकतो.