रकाने कोणाचे, गीत कोणाचे? : लिनक्सवरील टॅग-संपादन आणि नंदुरबारची मौखिक गीते

प्रस्तावना

मौखिक गीतांचे संकलन हा महाविद्यालयीन भाषा विभागांचा नित्याचा उपक्रम होय. पूर्वी विद्यार्थी गीते वहीत उतरवून आणीत. आज ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून आणतात. या ध्वनिमुद्रणास शीर्षक, गायक, भाषा इत्यादी माहिती जोडावी लागते. फाईलच्या पोटातच साठविल्या जाणाऱ्या या माहितीस टॅग म्हणतात. लिनक्स प्रणालीवर त्यासाठी किड३, ईझीटॅग, पिकार्ड ही मुक्तस्रोत साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. परंतु साधन मुक्त असले म्हणून त्यातील रकाने मौखिक गीतास न्याय देतात काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

रकान्यांची जडणघडण

एमपी३ फाईलला माहिती जोडण्याची आयडी३ ही पद्धत एरिक केंप यांनी १९९६ मध्ये रचली. फाईलच्या शेवटी अवघे १२८ बाइट. त्यांत शीर्षक, कलावंत, अल्बम व टीप यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४ आणि संगीतप्रकाराला १ बाइट. ही मांडणी उघडच बाजारात विकल्या जाणाऱ्या तबकडीची आहे. संगीतप्रकारांच्या ८० नावांच्या मूळ यादीत 'पोल्का' होता, 'एथ्निक' हा मोघम शब्दही होता. 'फोक', म्हणजे लोकसंगीत, मात्र नव्हते. विनॅम्प या प्रणालीने यादी वाढविली तेव्हा त्यास स्थान मिळाले.

लिपीचीही अडचण होतीच. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. त्यानुसार 'कळसाडी' या ग्रामनामास १८ आणि 'नंदुरबार' यास २४ बाइट होतात. म्हणजे ३० बाइटांच्या रकान्यात गाव आणि जिल्हा एकत्र मावत नाहीत. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने युनिकोड स्वीकारले व ही मर्यादा दूर झाली. किड३ मध्ये दोन्ही आवृत्त्यांचे रकाने स्वतंत्रपणे दिसतात. अभ्यासकाने दुसरीच वापरावी.

गीत कोणाचे?

लांबीचा प्रश्न सुटला तरी अर्थाचा प्रश्न उरतो. समजा, कळसाडी येथे लग्नप्रसंगी स्त्रियांनी मिळून गायिलेले गीत ध्वनिमुद्रित केले. एकीने ते उचलले, इतरांनी झेलले. 'कलावंत' या रकान्यात कोणाचे नाव लिहावे? 'संगीतकार' या रकान्यात बहुधा 'पारंपरिक' असे लिहून आपण मोकळे होतो. हा शब्द वरकरणी निरुपद्रवी वाटतो. परंतु गाणारीचे नाव अन्यत्र कोठेही नसेल, तर तो तिला पुसून टाकतो. 'अल्बम' या रकान्यात प्रकल्पाचे नाव जाते आणि 'कलावंत' म्हणून कधी कधी संकलकच अवतरतो. काही वर्षांनी फाईलमध्ये संकलक उरतो, गायिका उरत नाही.

पिकार्ड हे साधन ध्वनीचा ठसा काढून तो उपलब्ध माहितीसाठ्याशी ताडते व टॅग आपोआप भरते. गावातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणाची नोंद त्या साठ्यात सापडणार नाही. अशा गीताची माहिती त्या वेळी तेथे उपस्थित असलेली व्यक्तीच लिहू शकते. तिने ती लिहिली नाही तर ती कायमची हरवते.

याउलट उदाहरण जात्यावरील ओव्यांचे आहे. हेमा राईरकर व गी पॉइतेव्हँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले आणि २०१७ पासून 'पारी' या संग्रहाने त्यांचे प्रकाशन केले. तेथे ओवीसोबत गायिकेचे व गावाचे नाव येते. परंपरा आणि गायिकेचे नाव यांत विरोध नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

भाषेचा रकाना

नंदुरबार जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी आदी भाषा बोलल्या जातात. आयडी३ची दुसरी आवृत्ती भाषेसाठी ज्या आंतरराष्ट्रीय सूचीचा आधार घेते, तीत मराठीस स्वतंत्र संकेत आहे. भिली व अहिराणी यांना नाही. त्यांना संकेत देणारी विस्तृत सूची २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे मूळ सूचीवर विसंबणारा संपादक सोयीसाठी 'मराठी' लिहितो आणि भिली गीत नोंदीपुरते मराठी होते. ही चूक तांत्रिक दिसली, तरी तिचा परिणाम भाषिक आहे.

समारोप

उपाय मुक्तस्रोत साधनांतच आहे. फ्लॅक फाईलमध्ये रकान्यांची नावे आपणांस ठरविता येतात. आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीतही स्वनिर्मित रकान्याची सोय आहे. गीत उचलणारी, साथ देणाऱ्या, गाव, प्रसंग, भाषा, संकलक, दिनांक आणि नाव देण्यास संमती हे आठ रकाने विभागाने निश्चित करावेत. गायिकेची संमती नसेल तर तसे नोंदवावे. 'पारंपरिक' या शब्दाआड ते लपवू नये. स्वनिर्मित रकाने अनेक वादक-प्रणाली दाखवीत नाहीत, म्हणून तीच माहिती टीपेत व सोबतच्या साध्या मजकूर-फाईलमध्येही ठेवावी. साधनाने दिलेले रकाने निमूटपणे भरणे म्हणजे संकलन नव्हे. कोणते रकाने असावेत, हे ठरविणे हाच संकलनाचा पहिला अभ्यास होय.