कमळं मोजायची राहिली

मंडळी, आपल्या कासुर्डीहून पुणं काही लांब नाही. सोलापूर रस्त्यानं निघालं की तास-दीड तासात नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात पोचता येतं. तिथे एक ध्वज जपून ठेवलेला आहे. 22 ऑगस्ट 1907 रोजी जर्मनीत, स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामांनी फडकवलेला. इंदुलाल याज्ञिकांनी तो इंग्रजांची नजर चुकवून हिंदुस्थानात आणला. इथवरची कथा आपल्याला पाठ असते. माझी तक्रार पुढची आहे, आपण तो ध्वज बघतो कसा याबद्दलची.

बहुतेक पुस्तकांत त्याचं वर्णन असं येतं: वर हिरवा पट्टा, त्यावर आठ प्रांतांची आठ कमळं, मध्ये 'वन्दे मातरम्', खाली लाल पट्ट्यावर सूर्य आणि चंद्रकोर. आता भारत सरकारच्या संकेतस्थळावरचा तिरंग्याचा इतिहास वाचा. तिथे मादाम कामांच्या ध्वजावर कमळ एकच आहे, सोबत सप्तर्षींचे सात तारे. तो फडकला पॅरिसमध्ये आणि परिषद बर्लिनची! एक कमळ आणि आठ कमळं यांत तडजोड करता येत नाही हो. ध्वज एकाहून जास्त शिवले गेले असतील, हे शक्य आहे. पण मग कोणतं वर्णन कोणत्या कापडाचं, हे तरी कुणी सांगायला नको? शाळेच्या भिंतीवर आपण चित्रावरून चित्र काढतो आणि पुस्तकात वर्णनावरून वर्णन लिहितो. प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन प्रमाणं मी आयुष्यभर वर्गात शिकवली. इथे प्रत्यक्ष तासाभरावर असताना आपलं शब्दावरच भागतं. पुण्याच्या कापडावर किती कमळं आहेत ते मी मुद्दामच सांगत नाही. जा आणि मोजा.

अमेरिकेत जुने ध्वज जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यांचं पहिलं काम तारे मोजणं. संघराज्यात राज्य वाढलं की ध्वजावर तारा वाढतो, त्यामुळे 37 तारे म्हणजे 1867 ते 1877, 48 तारे म्हणजे 1912 ते 1959, असा हिशेब बसतो. पण मोजून भागत नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. 1876 मध्ये स्वातंत्र्याची शंभरी साजरी झाली तेव्हा 13 ताऱ्यांचे ध्वज हौसेनं पुन्हा तयार झाले. म्हणून शिवण हाताची की यंत्राची, कापड लोकरीचं की सुती, रंग कसला, हे बघावं लागतं. या छंदात बाजारही शिरलाय, चौकटीत बसवलेल्या ध्वजाची किंमत आधी आणि इतिहास मग. ते सोडून देऊ. बाल्टिमोरच्या किल्ल्यावर 1814 मध्ये फडकलेला त्यांचा प्रसिद्ध ध्वज मुळात 42 फूट लांब होता. घरच्यांनी आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून लोकांना वाटले. आज तो 34 फूट उरलाय, पंधरातला एक तारा गेलाय. 1907 मध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्याच वर्षी, तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आला. तिथे गेलेला भाग नव्या कापडानं भरून काढलेला नाही. भोक भोक म्हणूनच दिसतं.

आपल्याला असं राहवलं असतं का? मला राहवलं नव्हतं. वडिलांच्या ट्रंकेत चरख्याचा एक खादीचा ध्वज निघाला. कडेला गंजाचे डाग, एका कोपऱ्यात काळपट ठिपके. तत्त्वज्ञानाचा डॉक्टर असलेल्या या माणसानं काय केलं? साबणाच्या पाण्यात घातला. केशरी रंग पांढऱ्यावर उतरला, आणि तो कशाला बांधला होता हे सांगणारे गंजाचे डागही फिकट झाले. मी आदर म्हणून धुतला आणि पुरावा धुतला गेला. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम काँग्रेसनं 1931 मध्ये घेतला, त्याआधीच्या ध्वजात वर पांढरा, मग हिरवा, खाली लाल. म्हणजे रंगावरून 1931 नंतरचा, एवढंच आता मला सांगता येतं.

आपल्याकडे जुनं कापड गोधडीत जातं. वारकऱ्याची पताका जीर्ण झाली की नवी घेतात, कारण तिथे भाव कापडात अडकलेला नसतो. ती दृष्टी मला मोठी वाटते. राष्ट्रध्वजालाही आपण तीच लावली. 2002 ची ध्वजसंहिता म्हणते, फाटका किंवा खराब झालेला ध्वज खासगीरीत्या, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा. रोजच्या ध्वजाला हे अगदी योग्य. पण 15 ऑगस्ट 1947 ला एखाद्या गावात चढलेला ध्वज? चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरचा त्या दिवशीचा रेशमी ध्वज संग्रहालयात आहे. गावोगावच्या ध्वजांना मात्र कायद्याचा आधारही नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे अशा वस्तूला शंभर वर्षं भरावी लागतात, म्हणजे 2047. तोवर त्याचा वाली कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो.

चरख्याचा ध्वज हा राष्ट्रध्वज नव्हे, त्यामुळे त्याला जाळायचा प्रश्न येत नाही. तुमच्या कुणाच्या माळ्यावर निघाला तर धुऊ नका, इस्त्री करू नका, घडी घालू नका. जुन्या स्वच्छ सुती धोतरात सैल गुंडाळा आणि कुणाचा, कुठे लावला होता, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वेगळ्या कागदावर लिहा. कागद ध्वजाला टाचू मात्र नका, टाचणी गंजते. प्रश्न असतील तर घेऊ.