क्यूट, फ्लफी, लो मेंटेनन्स: एका जाहिरातीचं परीक्षण

या ब्लॉगवर आपण सहसा एखादा रिसर्च पेपर घेतो आणि त्याचे दावे पुराव्यावर तपासतो. आज पेपरऐवजी जाहिरात घेतली आहे. ती तुम्ही शंभर वेळा वाचली असेल: "शिह त्झू / टॉय पॉम पपीज. क्यूट, फ्लफी, फ्लॅटसाठी उत्तम. हायपोअ‍ॅलर्जेनिक. लो मेंटेनन्स. मुलांबरोबर छान रमतो." शब्द थोडेफार इकडेतिकडे होतात, दावे मात्र तेच राहतात. मीसुद्धा हिच्याकडे लक्ष दिलं नसतं, पण माझ्या मावसबहिणीने असाच एक स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "तू रिसर्च करतेस ना, मग सांग, हे खरं आहे का?" तिच्या सात वर्षांच्या मुलाला दमा आहे. तिच्यासाठी "हायपोअ‍ॅलर्जेनिक" या एका शब्दावर सगळा निर्णय अडला होता.

माझा विषय वनस्पतींची जनुकं आहे, कुत्री नाहीत. पण दावा म्हटला की पुरावा मागायचा, एवढं तरी पीएचडीत शिकलो आहोतच. तर एकेक दावा घेऊ.

"हायपोअ‍ॅलर्जेनिक"

या दाव्यामागचा तर्क ऐकायला बरोबर वाटतो: केस कमी गळतात, म्हणून अ‍ॅलर्जी कमी. गोची अशी की अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. ती होते प्रथिनांची. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे 'कॅन एफ १'. ते कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतं, आणि केस फक्त त्याची ने-आण करतात.

२०१२ साली नेदरलँड्समधल्या एका गटाने थेट मोजमाप केलं. पूडल, लॅब्राडूडल यांसारख्या 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' म्हणवणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत कॅन एफ १ इतर कुत्र्यांपेक्षा जास्त निघालं! घरातल्या हवेत दोन्ही गटांमध्ये फरक नव्हता. त्याआधी, २०११ साली, अमेरिकेत डेट्रॉइट भागातल्या १७३ घरांमधली धूळ तपासली गेली होती. तिथेही या 'खास' ब्रीड्सच्या घरांत अ‍ॅलर्जन कमी असल्याचं दिसलं नाही.

आता पुराव्याच्या मर्यादा. डच अभ्यासाच्या हायपोअ‍ॅलर्जेनिक गटात शिह त्झू नव्हता. अमेरिकन अभ्यासात एकेका ब्रीडची कुत्री थोडीच होती. म्हणून "कुठल्याही दोन कुत्र्यांत काहीच फरक नसतो" असं मी म्हणणार नाही. एकाच ब्रीडच्या दोन कुत्र्यांमध्येही बराच फरक असतो. पण नेमकी तीच गोष्ट जाहिरातीला अडचणीची आहे, कारण मग ब्रीडच्या नावावरून काहीच ठरत नाही. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्याच्या डॉक्टरांशी बोला. आणि शक्य असेल तर आधी त्याच कुत्र्याबरोबर काही तास, काही दिवस घालवून बघा.

"लो मेंटेनन्स"

हा दावा मला सगळ्यात खटकतो, कारण तो शरीरशास्त्राच्याच विरुद्ध जातो. २००९ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका गाजलेल्या पेपरने दाखवलं की कुत्र्यांच्या केसांची बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांवर अवलंबून आहे. एफजीएफ-५ मधल्या बदलाने केस लांब होतात. आरएसपीओ-२ मधल्या बदलाने मिशा-भुवया येतात. केआरटी-७१ मुळे केस कुरळे होतात. शिह त्झूकडे पहिले दोन बदल आहेत. नंतरच्या संशोधनात आरएसपीओ-२ चा संबंध कमी केसगळतीशीही जोडला गेला.

वाचायला छान वाटतं. पण जो केस गळत नाही तो वाढतच राहतो, आणि गळलेला केस लांब केसांत अडकून बसतो. मग जटा होतात, खालची त्वचा ओली राहते, खाज सुटते. म्हणजे रोज विंचरायचं आणि दर महिना-दीड महिन्याला ग्रूमिंग करायचं. सोफ्यावरचे केस वाचतात हे खरं, पण ते कष्ट कंगव्याकडे जातात.

पॉमेरेनियनचं गणित वेगळं. त्याला दुहेरी कोट असतो: वर राठ केस, आत मऊ लोकर. तो भरपूर गळतो. उन्हाळा आला की आपल्याकडे त्याला 'झिरो कट' मारतात, पण अशा कोटचे केस कधीकधी नीट परत येतच नाहीत. शिह त्झूचं थोबाड आखूड असतं. कुत्री मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतात, आणि आखूड थोबाडाला तेच जड जातं. नागपूरच्या मे महिन्यात त्याला दुपारी चारला फिरायला नेणं हा धोकाच आहे.

केसांखाली काय दडलंय तेही बघा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांकडच्या लाखो नोंदींवर आधारलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात, साडेसहा किलोपेक्षा लहान ब्रीड्समध्ये हिरड्यांच्या आजाराचं निदान मोठ्यात मोठ्या ब्रीड्सच्या तुलनेत पाचपटीपर्यंत जास्त आढळलं. जबडा लहान झाला, पण दात तेवढेच राहिले, म्हणून ते दाटीवाटीने बसतात. रोज दात घासणं (कुत्र्यांच्या पेस्टने, आपल्या नव्हे) हा काही श्रीमंती चोचला नाही. इंग्लंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात गुडघ्याची वाटी सरकण्याचं प्रमाण एकूण कुत्र्यांत १.३ टक्के होतं, आणि जास्त धोका असलेल्या ब्रीड्समध्ये पॉमेरेनियन अगदी वरच्या क्रमांकावर होता. चालता चालता मध्येच तीन पायांवर उडी मारणारं पिल्लू रीलमध्ये गोड दिसतं, पण तिथे लाइक देण्यापेक्षा डॉक्टर गाठायला हवा.

"टॉय", "टीकप", "पॉम"

'हम आपके हैं कौन' मधला टफी आठवतो? १९९४ नंतर कित्येक घरांत तसा पांढरा 'पॉमेरियन' आला. पण आपण ज्याला पॉमेरियन म्हणत होतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ होता, टफीसकट. परदेशी मापाप्रमाणे पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचा असतो. इंडियन स्पिट्झ त्याच्यापेक्षा बराच मोठा, आणि इथल्या घरांत पिढ्यान् पिढ्या वाढलेला.

लहान आकार स्वतः काही विकृती नाही. आकारावर परिणाम करणाऱ्या आयजीएफ-१ जनुकाजवळचा 'लहान'पणाचा बदल पन्नास हजार वर्षांपेक्षा जुन्या लांडग्याच्या डीएनएमध्येही सापडला, असं २०२२ च्या एका पेपरने दाखवलं. पण त्या नैसर्गिक फरकावर स्वार होऊन आणखी लहान, आणखी लहान अशी निवड करत जाणं हे माणसाचं काम. 'टीकप' हा तर मान्यताप्राप्त प्रकारच नाही, तो विक्रीसाठी काढलेला शब्द आहे. इतक्या इवल्या पिल्लाचं एक जेवण चुकलं तरी रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते.

"मुलांबरोबर छान रमतो"

२०२२ च्या 'सायन्स'मधल्या मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए वाचला गेला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी ब्रीडने समजावता आला फक्त ९ टक्के. "मालकांनी भरलेल्या माहितीवर काय विश्वास ठेवायचा?" ही शंका रास्त आहे. पण मालकांच्या मनात ब्रीडबद्दलचे समज आधीच असतील, तर त्याने ब्रीडचा प्रभाव फुगायला हवा होता. तरीही तो एवढासाच निघाला.

मग वागणूक ठरते कशाने? एक धागा व्हिएन्नामधल्या २०१० च्या अभ्यासात आहे. लहान कुत्र्यांचे मालक शिकवण्यात कमी सातत्य ठेवत होते, आणि त्यांची कुत्री जास्त चिडकी, कमी ऐकणारी असल्याचं दिसलं. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. कुत्रं ऐकत नाही म्हणून मालक कंटाळला असंही असू शकेल. पण आपल्या बिल्डिंगमध्ये डोकावून बघा. लॅब्राडोर गुरगुरला तर सोसायटीची मीटिंग भरते, आणि पॉम गुरगुरला तर "अगंबाई, रागावलाय बघा!" म्हणून व्हिडिओ काढतात. तो बिचारा चार वेळा सांगतो की मला उचलू नका. पाचव्या वेळी चावतो, आणि मग "अचानक चावला" म्हणून त्यालाच घराबाहेर काढतात.

जाहिरातीत काय नाही?

पिल्लाचं वय, आईबद्दल एक शब्द, आणि ब्रीडरचा नोंदणी क्रमांक. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायचं नसतं. हा नुसता कागदी नियम नाही. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं, आणि त्याची सुरुवात आई-भावंडांमध्ये होते. पस्तीस दिवसांचं "गोंडस" पिल्लू घरी आणलं, तर ते शिक्षण आपण मध्येच तोडलेलं असतं.

मग छोटं कुत्रं पाळूच नये का? मी तसं म्हणत नाही. सांभाळायची तयारी असेल तर फ्लॅटमध्येही ते सुखाने जगतं. माझा आक्षेप आहे तो भाषेवर. ही जाहिरात कुत्र्याला सोफ्यावरच्या उशीसारखं विकते आणि उशीत नसलेलं सगळं, म्हणजे दात, गुडघे, भीती, म्हातारपण, वगळते. मला विचाराल तर खरी जाहिरात अशी हवी:

"आठ आठवडे पूर्ण. आई समोर आहे, येऊन बघा. रोज विंचरावं लागेल, दात घासावे लागतील, दोनदा फिरवावं लागेल. अ‍ॅलर्जीची हमी नाही. नको म्हणेल तेव्हा त्याचं ऐकावं लागेल. बहुतेक बारा ते पंधरा वर्षं जगेल. तुमची चौथीतली मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल, तेव्हा याचे डोळे अधू झालेले असतील आणि याला उचलून खाली न्यावं लागेल. तयारी असेल तरच फोन करा."

यावर फोन कमी येतील. जे येतील, त्या घरात पिल्लू द्यायला हरकत नाही.