श्यामचे वडील

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाविषयी आणखी काही लिहावयाचे राहिले आहे काय, असा प्रश्न वाचक आम्हांस विचारतील, आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हापासून मराठी घरांतून त्याचे वाचन अखंड चालू आहे. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाने तर ज्यांनी ते वाचले नव्हते त्यांसही ते परिचयाचे झाले. तथापि ज्या पुस्तकाच्या नुसत्या नावाने डोळे पाणावतात, ते आपण नीट वाचलेलेच आहे अशी समजूत सहज होते. आमची तशी झाली होती. पुस्तकाच्या नावात आई आहे म्हणून आम्ही इतकी वर्षे त्यात आईच पाहत आलो. वडिलांकडे आमचे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने.

आमचे राहणे नालवाडीस. वर्धा शहराला लागून असलेल्या या गावी १९३२ सालच्या डिसेंबरात विनोबा भावे येऊन राहिले. त्याच वर्षी, काही महिने आधी, धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली होती आणि ती उतरून घेतली होती साने गुरुजींनी. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' अवघ्या काही दिवसांत लिहिली. विनोबांची 'गीताई' १९३२ सालीच छापली गेली. संस्कृत न समजणाऱ्या आईने बोलून दाखविलेल्या इच्छेतून ती जन्मास आली. त्याच विनोबांनी १९१६ साली, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता, सुरतेस उतरून काशीची वाट धरली, आणि बडोद्यास वडिलांच्या अपेक्षा जागच्या जागी राहिल्या. आईच्या शब्दावर ग्रंथ उभा राहावा व वडिलांच्या वाट्यास आदरयुक्त अंतर यावे, ही गोष्ट त्या पिढीत अपरिचित नव्हती. श्यामच्या घरीही तसेच झाले असावे, असे आम्ही धरून चाललो होतो.

वर्गात कर्जाचा भाग चालला होता. सावकाराचा वसुलीचा माणूस दारात येऊन अद्वातद्वा बोलतो. वडील ते ऐकून घेतात. अखेर आईच संतापाने पुढे होऊन त्यास खडसावते. त्या माउलीच्या तेजाचे आम्ही नेहमीप्रमाणे वर्णन केले. तास संपल्यावर एका कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, श्याम त्या वेळी वडिलांच्या तोंडाकडे बघत होता का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले.

श्यामचे वडील, ज्यांना तो भाऊ म्हणतो, हे कोकणातील पालगडच्या खोत घराण्यातले. भाऊबंदकीने ते वेगळे निघतात आणि कर्जात रुततात. वेळीच जमीन विकून मोकळे व्हावे ही पत्नीची सल्ला त्यांस रुचत नाही. घराण्याचा मान आडवा येतो. म्हणजे कुटुंबाच्या अधोगतीत त्यांचा दोष नाही असे नव्हे. दुय्यम दर्जाच्या लेखकाने अशा पित्यास एक तर खलपुरुष ठरविले असते, नाही तर दैवाच्या माथी सारे मारून सोडवून घेतले असते. गुरुजी यांपैकी काहीच करीत नाहीत. कर्ज सांगतात, हट्ट सांगतात, अपमान सांगतात; परंतु मुलाच्या वाणीत पित्याविषयी कडवटपणाचा थेंब पडू देत नाहीत.

या संयमाचे महत्त्व पाश्चात्य वाङ्मयाशी तुलना केली असता ध्यानात येते. तुर्गेनेव्हच्या 'पिता आणि पुत्र' (१८६२) या कादंबरीत दोन पिढ्यांच्या विचारांची झुंज आहे. एडमंड गॉसच्या 'पिता आणि पुत्र' (१९०७) या आत्मकथनात पित्याच्या कडव्या धर्मनिष्ठेपासून पुत्र स्वतःस सोडवून घेतो. मते पक्की असलेल्या बापाशी भांडता येते, त्याच्यापासून दूर होता येते. पण जो बाप आधीच पडला आहे त्याच्याविरुद्ध बंड कसे करावयाचे? श्यामपुढचा प्रश्न हा आहे, आणि आमच्या मते त्याचे उत्तर अळणी भाजीच्या प्रकरणात आहे.

ते प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील ती भाजी वाखाणून खातात. ते काही बोलत नाहीत म्हणून श्यामही बोलत नाही. राबणाऱ्या गृहिणीचे मन दुखवू नये, एवढा बोध घेऊन आपण पान उलटतो. परंतु येथे शिकविणारे वडील आहेत, आणि तेही एक शब्द न बोलता, ही गोष्ट नजरेतून निसटते. दुसऱ्याची उणीव कळावी आणि तरी ताट दूर लोटू नये, हा धडा मुलाने त्या पंक्तीत घेतला. पुढे मोठेपणी तोच धडा त्याने वडिलांवर चालविला. बापाने जशी अळणी भाजी खाल्ली, तसे मुलाने बापाचे आयुष्य स्वीकारले आहे. फरक इतकाच की वडील गप्प राहिले आणि मुलाने सारे सांगितले. मात्र सांगताना नाक मुरडले नाही.

पुस्तकातील उणेही सांगितले पाहिजे. आईच्या मनाचा कोपरान्‌कोपरा श्याम उजळतो. वडिलांच्या मनाच्या ओसरीवरूनच तो बहुधा परत फिरतो. आईचे पुस्तक आहे, त्यात वडिलांची मागणी का करावी, असे कोणी म्हणेल. पण ज्या पत्नीचे दुःख पतीच्या कर्जातून येते, तिचे चित्र पतीचे अंतःकरण दिसल्यावाचून पुरे कसे व्हावे? अश्रूंचा सढळ वापर करणाऱ्या गुरुजींनी या एकाच ठिकाणी हात आखडता घेतला. ती वाट मराठी कादंबरीत पुढे इतरांनी चोखाळली. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) खानदेशातील सधन शेतकरी बाप आणि पुण्यास शिकून हात हलवीत परतलेला पांडुरंग समोरासमोर उभे राहतात, आणि तेथे राग व माया यांची गाठ उघडपणे दिसते. 'कोसला'तला बाप सधन व जबरदस्त आहे. श्यामचा बाप हरलेला आहे. हरलेल्या बापाचे पुत्र आमच्याकडे अधिक आहेत.

कर्ज ही आमच्या भागात जुन्या पुस्तकातील गोष्ट नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा घरांतून येणाऱ्या मुलांस आईचे तेज दाखविणे सोपे आहे; वडिलांकडे खाली मान न घालता पाहावयास शिकविणे कठीण. त्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले की दारातल्या प्रसंगी श्याम कोठे बघत होता ते आम्ही सांगू शकत नाही. पण पंक्तीत बसला असता तो वडिलांच्या तोंडाकडेच बघत होता. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने ते प्रकरण पुन्हा वाचावयास पुस्तक मागून नेले.