वीस बाजूंचा फासा आणि भरलेलं सभागृह

जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरलं होतं. मंचावर 'डायमेन्शन ट्वेंटी' या भूमिका-खेळाच्या कार्यक्रमाची मंडळी फासे टाकत गोष्ट रचत होती आणि हजारो लोक तिकीट काढून ते पाहत होते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या, तेव्हा हा मूठभर युद्धखेळवेड्यांचा छंद होता. ऐंशीच्या दशकात तर अमेरिकेतल्या काही पालकांनी आणि धर्मगटांनी त्याला सैतानी ठरवलं.

खेळात एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो, तसंच इथे; फक्त शेवट कुणालाच ठाऊक नसतो. चोराचं पात्र घेतलेली मुलगी म्हणते, "मी पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली काढते." सूत्रधार म्हणतो, पंधरा तरी पडायला हवेत. वीस बाजूंचा फासा घरंगळतो आणि एकावर थांबतो. किल्ली खणकन फरशीवर पडते, पहारेकरी वळतो, तासभर आखलेला बेत मोडतो. आता सगळ्यांनी मिळून नवी वाट शोधायची. या कलेचा जीव मला त्या क्षणात दिसतो.

लोकप्रियता आली ती २०१४ च्या सोप्या पाचव्या आवृत्तीमुळे, 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे आणि सर्वांत जास्त 'क्रिटिकल रोल'मुळे. मॅथ्यू मर्सर आणि त्याचे आवाज-कलावंत मित्र २०१५ पासून आपला डाव थेट दाखवू लागले. २०१९ मध्ये त्यांनी अ‍ॅनिमेशनपटासाठी साडेसात लाख डॉलर मागितले; चाहत्यांनी १ कोटी १३ लाखांहून अधिक दिले.

पण मुरलेल्या नटांचा डाव पाहून आलेला नवखा घरच्या सूत्रधाराकडूनही तीच अदाकारी मागतो. याला 'मर्सर इफेक्ट' असं नावच पडलंय. घरचा सूत्रधार अडखळतो, नियमांची पानं चाळतो. त्या अडखळण्यातच बाकीच्यांना बोलायला जागा मिळते, ही गोष्ट पडद्यावर कळत नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे लोकांच्या लेखी ही अख्खी कला एकाच कंपनीच्या एकाच खेळात मावते. जानेवारी २०२३ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची प्रकाशक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिचा, इतरांना या खेळासाठी साहित्य काढू देणाऱ्या परवान्याच्या नव्या जाचक अटींचा मसुदा फुटला. छोटे प्रकाशक आणि खेळाडू इतके खवळले की महिनाअखेर कंपनीने माघार घेतली आणि मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. लढा महत्त्वाचा होता, पण कलेतलं धाडस इतर खेळांत आहे. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये सत्य शोधता शोधता पात्राचं मन ढासळत जातं. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये दोन फाशांची बेरीज पात्राचा गुणांक धरून सात ते नऊ आली, की हवं ते मिळतं, पण किंमत मोजून. गेल्या पंधरा वर्षांत या कलेला सुचलेली सर्वांत सकस कल्पना माझ्या मते हीच. 'क्रिटिकल रोल'च्याच मंडळींनी २०२५ मध्ये आणलेल्या 'डॅगरहार्ट'वरही तिची छाप आहे.

एखादा डाव पाहून भारावला असाल, तर पुढचा भाग लावण्याआधी चार मित्रांना घरी बोलवा. नियमपुस्तक इंग्रजीत असलं तरी पात्रांना मराठीत बोलू द्या.