उंबरठा आणि चौंडकं

चिनी लेखक लू शून यांनी १९२४ साली लिहिलेली नववर्षाच्या पूजेची कथा आपल्या भागातल्या वाचकाला परकी वाटत नाही. तिच्यातल्या बाईला स्वतःचं नावही नाही. शियांगलिन या मेलेल्या नवऱ्याची बायको, एवढीच तिची ओळख. सासू पैसे घेऊन तिचं दुसरं लग्न लावते. दुसरा नवरा तापात जातो, पोर लांडगा नेतो. मग कामावरची एक बाई तिला सांगते, की मेल्यावर दोन्ही नवरे तुझ्यासाठी भांडतील आणि यम तुला करवतीने कापून वाटून देईल. त्यापेक्षा देवळाला उंबरठा दे. तुझ्याऐवजी लोक त्याला तुडवतील. साठवलेली मजुरी घालून ती उंबरठा देते. तरीही पूजेच्या भांड्यांना हात लावू पाहते, तेव्हा मालकीण तिला अडवतेच. बाई मोडते ती तिथे.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’मधली (१९८५) सुली हिच्याच जातकुळीतली. केसांत जट आली, म्हणजे देवीने मागणी घातली! इथेही कुणी एकटा खलनायक नाही. देवाचं देणं अंगावर आहे, हे त्या बाईला स्वतःलाच पटवून दिलेलं असतं, आणि जुलूम खरा तिथे आहे. सौंदत्तीला जोगतिणी बांगड्या फोडतात ती मार्गशीर्षातली रांडाव पुनव. कन्नडमध्ये तिलाच ‘होस्तिल हुण्णिमे’, उंबरठ्याची पुनव, म्हणतात. (निव्वळ योगायोग, त्यावर कुणी सिद्धांत उभारू नये.)

कर्नाटकात देवदासी प्रथेविरुद्ध १९८२ साली कायदा झाला. मुलगी सोडणाऱ्याला कायदा पकडू शकतो. मनातलं देणं त्याला फेडता येत नाही. ‘जोगवा’ चित्रपटाने (२००९) सुलीला ‘भंडारभोग’मधल्या तायप्पाची जोड देऊन प्रेमाची वाट दाखवली. चित्रपट चांगला आहे, पण प्रेक्षकाची सुटका त्याने फार लवकर केली. लू शून ती करत नाहीत. मेल्यावर आत्मा उरतो का, असं ती भिकारीण झालेली बाई विचारते, तेव्हा त्यांचा शिकलेला निवेदक गुळमुळीत बोलून पाय काढतो. ‘चौंडकं’ला ‘अनिष्ट प्रथेचं दर्शन’ म्हणून बाजूला ठेवणारा समीक्षक याहून वेगळं काय करतो?

हाती पैसा आला की बाई सुटते, हा समजही त्या उंबरठ्यापाशी डळमळतो. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांवर महादेव मोरे यांनी लिहिलं, तेही आता या अंगाने पुन्हा वाचायला हवं.